‘येतो रे’ म्हणून गेलेले अण्णा

पत्राचा गोषवारा : पिंपरी-चिंचवडला राहणाऱ्या एका आईचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. आई बँकेत, वडील चाकणच्या एका कारखान्यात, शिफ्टची ड्यूटी. त्यामुळे मुलाचा सगळा दिवस आजोबांच्या हाती. आजोबांना घरात सगळे अण्णा म्हणायचे. सकाळी स्कूलबसपर्यंत सोडणं, दुपारी आणणं, येताना टपरीवर लिमलेटची एक गोळी, संध्याकाळी सोसायटीच्या बागेत दोन फेऱ्या. संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी पहाटे अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. मुलगा जागा होता. त्याच्या डोक्यावर हात ठेवून अण्णा ‘येतो रे’ म्हणाले, दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. मुलाला त्याच दिवशी कोल्हापूरला मावशीकडे पाठवलं, तेरावा झाल्यावर आणलं. ‘अण्णा कुठे?’ विचारल्यावर आधी ‘गावाला गेलेत’ सांगितलं, मग आजी म्हणाली ‘देवाघरी गेले’, आणि तो फारच मागे लागला तेव्हा आई म्हणाली, ‘अण्णा झोपलेत, आता उठणार नाहीत.’ मुलगा रडला नाही, खेळायला पळाला. सगळ्यांना वाटलं, लहान आहे, विसरला. आता अडीच महिने झाले. तिसऱ्या वर्षापासून कोरडं झोपणारा मुलगा गादी ओली करतो. शाळेत जायच्या वेळी रोज पोटात दुखतं. दिवा बंद करू देत नाही. रात्री उठून झोपलेल्या बाबांच्या नाकाखाली बोट धरून बघतो. वर्गशिक्षिका म्हणाल्या, लक्ष नसतं, पण त्रास देत नाही. परवा दप्तरात अण्णांच्या चष्म्याचं घर सापडलं, ते आईने काढून कपाटात ठेवलं. वडील म्हणतात, लाडाने बिघडलाय. आजी रोज संध्याकाळी दृष्ट काढते. आई न्हाणीघरात नळ सोडून रडते, मुलाला दिसू नये म्हणून. तिचे प्रश्न : ‘हा मानसिक आजार आहे का? समुपदेशकाकडे नेलं तर शिक्का बसेल का? आणि तो हे सगळं कधी विसरेल?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या नाकाखाली धरलेल्या बोटापाशी थांबले. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे शाळेच्या बसकडे वळलात, पण मला तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्या एका ओळीत दिसली. त्याला सांगितलं गेलंय की अण्णा झोपले आणि उठले नाहीत. बाबाही रोज झोपतात. सेकंड शिफ्ट करून आलेला माणूस तर मेल्यासारखाच झोपतो. मग हे उठतील की नाही, हे कुणीतरी बघायला नको? घरात ते काम तो एकटा करतोय, सहा वर्षांचा. दिवा बंद करू देत नाही, कारण अंधारात त्याला बघता येणार नाही. मला यात आजारापेक्षा जास्त दिसतो तो हिशेब, आणि तो त्याने तुम्ही दिलेल्या माहितीवरूनच मांडलाय. माहिती चुकीची होती, हिशेब बरोबर आहे.

हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. तुम्ही जे सांगितलंत ते आपल्याकडे घरोघरी सांगतात. मी सात वर्षांची असताना माझी आजी गेली, तेव्हा मला ‘पंढरपूरला गेली’ असं सांगितलं होतं. कितीतरी दिवस मी संध्याकाळची एसटी यायच्या वेळेला पायरीवर बसून असायची. घरातल्या कुणाला ते कळलं नाही, आणि कुणी विचारलं असतं तर मीही सांगितलं नसतं. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, तुमचाही नाही. पण पुढे शाळांमधून मुलांसोबत काम करताना मला हे इतक्या वेळा दिसलंय की आता ठामपणे सांगते : लहान मुलाला खऱ्यापेक्षा अर्धवट जास्त छळतं.

म्हणून त्याला खरं सांगायचं आहे, पण त्याआधी एक काम, आणि ते याच आठवड्यात करा. त्याला तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे न्या. सहा महिने किंवा जास्त काळ कोरडं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर मनावरचा ताण हे एक मोठं कारण असतं, पण एकमेव नसतं. लघवीचा जंतुसंसर्ग असू शकतो, बद्धकोष्ठता असू शकते, क्वचित मधुमेहाची सुरुवातही असू शकते. लघवीची तपासणी साधी असते. तो हल्ली खूप पाणी पितो का, वजन उतरलंय का, शू करताना जळजळतं का, शी रोज होते का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. पोटदुखीचंही तसंच. दुखण्याने झोपेतून जाग येत असेल, ताप, उलट्या, शौचातून रक्त असं काही असेल, तर ते शाळेच्या धास्तीचं म्हणून सोडून द्यायचं नाही. घरात दुःख आहे म्हणून शरीराचा आजार होतच नाही, असं थोडंच असतं. सगळं ठीक निघालं, आणि तशीच शक्यता जास्त आहे, तर तुम्हालाही पुढचं करायला धीर येईल.

आता ‘विसरला’ या शब्दाकडे येते. तो रडला नाही, खेळायला पळाला, म्हणून सगळ्यांनी मानलं की त्याला काही कळलं नाही किंवा तो विसरला. मोठ्या माणसांची ही समजूत फार जुनी आहे आणि एकदा ती पुराव्यानिशी खोटी ठरली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये दवाखान्यात ठेवलेल्या लहान मुलांना आईवडिलांनी भेटायच्या वेळा अगदी मोजक्या असायच्या. मुलं पहिले दिवस आकांत करायची आणि मग गप्प व्हायची. परिचारिका म्हणायच्या, रुळलं हो मूल. जेम्स रॉबर्टसन नावाच्या समाजसेवकाला ते पटेना. जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर तो काम करत होता. त्याने 1952 मध्ये एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण केलं. लहानशा शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस दवाखान्यात होती. ती फारशी रडत नाही. पण तिचा चेहरा दिवसागणिक कसा मिटत जातो, आणि आई भेटायला आल्यावर ती कशी तोंड फिरवते, हे त्यात दिसतं. डॉक्टर मंडळी आधी चिडली. पण 1959 मध्ये तिथल्या सरकारी समितीने शिफारस केली की आईवडिलांना मुलांजवळ केव्हाही येऊ द्यावं. गप्प बसलेलं मूल रुळलेलं नसतं, हे डॉक्टरांना पटायला एवढी वर्षं लागली. आपण तर घरातली माणसं, आपलीही चूक होणारच.

शिवाय मुलांचं दुःख आपल्यासारखं सलग नसतं. श्रावणातल्या सरीसारखं येतं, दहा मिनिटं कोसळतं, आणि लगेच ऊन पडतं. बॉल घेऊन पळणारा मुलगा दुःखात नाही असा त्याचा अर्थ नाही. खेळ ही त्याची विसाव्याची जागा आहे. तेव्हा ‘कधी विसरेल?’ या प्रश्नाऐवजी मी तुम्हाला दुसरा प्रश्न देते : तुमच्या घरात अण्णांचं नाव शेवटचं मोठ्याने कधी घेतलं गेलं? तुमच्या पत्रावरून मला वाटतं की त्याला ‘झोपलेत’ सांगितल्यानंतर नाहीच. प्रत्येक जण दुसऱ्याला त्रास नको म्हणून गप्प आहे. मुलाने त्यातून एवढंच ओळखलं की अण्णांबद्दल बोलायचं नसतं. म्हणून तो बोलत नाही, चष्म्याचं घर दप्तरात लपवतो.

आपली भाषाही इथे मुलांना फसवते, हे मला तुमचं पत्र वाचताना फार जाणवलं. बाबा कंपनीत ‘गेले’, आई बँकेत ‘गेली’, आणि अण्णा ‘गेले’. एकच क्रियापद. पहिली दोघं संध्याकाळी परत येतात. उलट, घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, ही आपली रीत. किती सुंदर रीत आहे. पण अण्णा त्या पहाटे ‘येतो रे’ म्हणाले. त्याने ते ऐकलं. सहा वर्षांच्या मुलासाठी तो शब्द दिलेला आहे, आणि अण्णांनी त्याला दिलेला शब्द आजवर मोडलेला नाही. तो शाळेत गेला आणि तेवढ्यात अण्णा आले तर? रोज सकाळी पोटात दुखण्यामागे हेही असू शकेल. मी खात्रीने सांगत नाही, तुम्ही त्याला विचारून बघा.

मारिया नॉज या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्टच्या मुलांना मृत्यूबद्दल काय वाटतं हे त्यांच्याच तोंडून ऐकून 1948 मध्ये मांडलं होतं. पाच वर्षांखालची मुलं मृत्यूला प्रवास किंवा झोप समजत होती : माणूस कुठेतरी गेलाय किंवा निजलाय, म्हणजे परतेल किंवा उठेल. नंतरच्या अभ्यासांनी त्या वयाच्या रेघा पुढेमागे केल्या, पण एवढं पक्कं आहे की मेलेला माणूस परत येत नाही, त्याचं शरीर चालायचं थांबतं आणि हे प्रत्येकाचं होतं, हे सगळं मुलाला एकदम कळत नाही. साधारण पाच ते सातच्या दरम्यान ते हळूहळू जुळत जातं. तुमचा मुलगा नेमका त्या उंबऱ्यावर आहे. आणि आपण मोठ्यांनी त्याला कोणती दोन उत्तरं दिली? गावाला गेले, आणि झोपले. तो ज्या समजुतीतून बाहेर पडू बघत होता, तिच्यातच आपण त्याला परत बसवलं.

म्हणून त्याला खरं सांगा. शनिवारी किंवा रविवारी, तुम्ही दोघंही घरी असाल तेव्हा. त्याच्या उंचीला येऊन, जमिनीवर बसून. भाषण नको, साधी, छोटी वाक्यं पुरतात. ‘आम्ही तुला सांगितलं होतं की अण्णा गावाला गेले, झोपले. ते बरोबर नव्हतं. आम्हाला खूप वाईट वाटत होतं, म्हणून आम्हाला नीट सांगता आलं नाही. अण्णा वारले, म्हणजे मेले. त्यांचं हृदय खूप आजारी होतं, डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण ते थांबलं. हृदय थांबलं की शरीर चालायचं पूर्ण बंद होतं. मग माणसाला दुखत नाही, भूक लागत नाही, थंडी वाजत नाही आणि तो परत येऊ शकत नाही. अण्णांना यायचं होतं, म्हणूनच ते येतो म्हणाले. त्यांना येता आलं नाही.’ ‘मेले’ हा शब्द आपल्या जिभेवर जड होतो, शिवीसारखा वाटतो. एकदा तरी वापरा. नंतर ‘वारले’ म्हणा, चालेल. आजीचं ‘देवाघरी’सुद्धा राहू द्या, ती तिची श्रद्धा आहे आणि मुलालाही तिचा आधार वाटेल. फक्त ‘देवाघर’ म्हणजे बस पकडून जाता येतं असं ठिकाण नाही, हे त्याला कळलेलं असू द्या.

तो कदाचित दोनच मिनिटं ऐकेल आणि ‘मी खेळायला जाऊ?’ म्हणेल. जाऊ द्या. प्रश्न नंतर येतील, भलत्याच वेळी, डबा भरताना किंवा सिग्नलला स्कूटर थांबलेली असताना. तेच तेच येतील. ‘आता अण्णांना भूक लागली असेल का?’ प्रत्येक वेळी तेच साधं उत्तर द्या. तो तुमची परीक्षा घेत नाही, एक मोठी गोष्ट छोट्या घासांनी गिळतोय.

एक प्रश्न तो विचारणारच नाही कदाचित, म्हणून तुम्हीच उत्तर द्या. या वयाच्या मुलांना वाटतं की जगात जे घडतं त्याला आपण कारण आहोत. मी त्या दिवशी अण्णांचं ऐकलं नाही, मी पतंगासाठी हट्ट केला, मी त्यांना जिन्यावरून पळवलं, म्हणून असं झालं. संक्रांतीचे दिवस होते, त्यामुळे पतंग मनात आला. तुमच्या घरात काय घडलं होतं मला माहीत नाही. पण न विचारता सांगा : ‘तू काही केलंस म्हणून, काही बोललास म्हणून किंवा मनात काही आणलंस म्हणून अण्णा मेले नाहीत. हृदयाच्या आजाराने मेले.’ हे सांगितल्यावर कित्येक मुलांचे खांदे सैल पडलेले मी समोर बसून पाहिलेत.

आणि एक प्रश्न तो नक्की विचारेल : ‘तूपण मरणार?’ तोंडातून लगेच ‘नाही रे राजा, मी कध्धीच नाही’ येतं. ते गिळा. तुम्ही एकदा खोटं बोलताना पकडल्या गेलात, आता त्याला दुसऱ्यांदा नको. म्हणा, ‘सगळी माणसं कधीतरी मरतात. बहुतेक माणसं खूप म्हातारी झाल्यावर. माझी तब्येत चांगली आहे, मी खूप वर्षं तुझ्याजवळ असेन असं मला वाटतं. आणि काहीही झालं तरी तुला सांभाळायला बाबा आहेत, आजी आहे, कोल्हापूरची मावशी आहे.’ त्याला तत्त्वज्ञान नको असतं. उद्यापासून मला बसपर्यंत कोण सोडणार, हे हवं असतं. अण्णांच्या जागी आता कोण सोडतं, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. ते ठरलेलं आहे का? एक दिवस तुम्ही, एक दिवस शेजारच्या काकू, एक दिवस बाबा, असं चाललं असेल तर आठवड्याचा तक्ता करून फ्रिजवर लावा. चित्रं काढून लावा, त्यालाच रंगवू द्या. दुःखात असलेल्या मुलाला उद्या काय होणार हे आधी कळणं, यासारखा आधार नाही.

तुमच्या नळाबद्दल लिहायचं राहिलंच. ताई, तो नळ बंद करा. मुलासमोर कोसळावं असं मी म्हणत नाही. पण डोळे भरून आले तर येऊ द्या, आणि त्याला सांगा, ‘मला अण्णांची आठवण आली. थोडा वेळ रडू येईल, मग मी ठीक होईन आणि आपण जेवू.’ मग खरंच जेवा. रडू येतं, आणि मग ते थांबतं, हे मुलाने डोळ्यांनी बघावं लागतं. न्हाणीघरातून सुजलेल्या डोळ्यांनी बाहेर येऊन ‘काही नाही, साबण गेला’ म्हणणारी आई बघून तो शिकतो की रडणं दारामागे करायची गोष्ट आहे.

पोटदुखीकडे येते. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हटलं तरी दुखणं खरंच असतं. मनावर ताण आला की आतड्यांच्या हालचाली बदलतात, आतल्या नसा जास्त जागरूक होतात. आपल्याला हे नवीन नाही, उगाच का आपण म्हणतो पोटात गोळा आला? तेव्हा ‘नाटकं बंद कर’ हे वाक्य घरातून काढून टाका, मिस्टरांनाही सांगा. ‘दुखतंय ना, मला माहीत आहे. काळजी वाटली की पोटाला कळतं. हात ठेवू का पोटावर?’ एवढं म्हणा. आणि शाळेत मात्र पाठवा. इथे मी कडक आहे. घरी ठेवलं की त्या दिवशी बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशीची धास्ती वाढते, आणि आठवड्याभरात शाळा हा डोंगर होतो. निरोप लहान ठेवा, रोज एकसारखा. त्याच्या तळहातावर पेनाने एक छोटा सूर्य काढा, तुमच्या तळहातावर तसाच दुसरा. दुपारी कोण घ्यायला येणार ते नाव घेऊन सांगा. मागे वळून पाचदा टाटा नको, ते तुमच्या धीरासाठी असतं, त्याचा धीर त्याने खचतो. बसमध्ये चढवायच्या वेळी ‘येते हं’ म्हणा, आणि त्या दिवशी खरोखर या. त्या शब्दावरचा त्याचा विश्वास परत यायला काही दिवस लागतील.

वर्गशिक्षिकेला सगळं सांगा. ‘लक्ष नसतं, पण त्रास देत नाही’ असं त्या म्हणाल्या, त्यात त्यांची चूक नाही. चाळीस मुलांच्या वर्गात जो त्रास देत नाही तो दिसत नाही. त्यांना माहीत असलं तर पोटात दुखल्यावर घरी फोन करण्याऐवजी त्या पाच मिनिटं त्याला पाणी पाजून फळा पुसायला देतील. आजी-आजोबांचं चित्र काढा, त्यांच्याविषयी ओळी लिहा, असा काही गृहपाठ आला तर त्याच्याजवळ जाऊन आधी बोलतील.

ओल्या गादीबद्दल थोडक्यात : गादीवर मेणकापड, वर सुती चादर, उशाला कोरडी चड्डी. झोपण्याआधी शू. पाणी दिवसा भरपूर द्यावं, रात्री तहान मारू नये. रागावणं नाही, आणि पाहुण्यांसमोर तर त्याचा विषयही नाही. कोरड्या सकाळीचं बक्षीससुद्धा नको, कारण झोपेत ते त्याच्या हातात नसतं. हे आपोआप कमी होतं, बाकीचं हललं की.

सासूबाईंच्या दृष्ट काढण्यावरून तुम्ही घरात वाद काढू नयेत असं मला वाटतं. नातवाला समोर उभं करून त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळणारी ती बाई स्वतः अडीच महिन्यांपूर्वी नवरा गमावून बसली आहे. काहीतरी करावंसं वाटतं आणि तिला एवढंच करता येतं. मुलालाही त्या दोन मिनिटांत आजीचं पूर्ण लक्ष मिळतं. दोनच गोष्टी जपा : दृष्ट काढली म्हणून डॉक्टरांकडे जायचं राहू नये, आणि ‘अमकीची नजर लागली’ असं त्याच्या कानावर पडू नये, नाहीतर एका भीतीला दुसरी जोडली जाईल. त्याउलट सासूबाईंना विचारा, अण्णा लहानपणी कसे होते? विहिरीत पोहायचे का? मार खायचे का? रात्री जेवताना एक गोष्ट त्यांनी सांगावी. त्यांनाही ते हवं असेल, त्यांना कुणी विचारलं नसेल. पुढे पितृपक्ष येईल तेव्हा अण्णांच्या पानात लिमलेटची गोळी ठेवायचं काम त्याला द्या. त्याला नको असेल तर आग्रह नको.

पत्र मृत्यूचं आहे, पण इतर वाचकांसाठीही एक सांगते. आईवडील वेगळे राहू लागले, घर बदललं, बाळ झालं आणि आई महिनाभर माहेरी राहिली, वडिलांची नोकरी गेली : प्रत्येक वेळी ‘त्याला काय कळतंय’ म्हणून आपण मुलाला वगळतो, आणि प्रत्येक वेळी त्याला घरातली हवा कळलेली असते. शब्द मिळालेले नसतात, एवढंच. मग ते पोटातून, अंथरुणातून, नाहीतर मारामारीतून बाहेर पडतं.

आता समुपदेशकाचं. तुमचा मुलगा जे करतोय ते माणूस गमावलेल्या लहान मुलांमध्ये नेहमी दिसतं, त्याला मी मानसिक आजार म्हणणार नाही. त्याच्याशी खरं बोललात, दिवसाचा क्रम पुन्हा बसवलात, तर पुढच्या चार-सहा आठवड्यांत थोडा तरी फरक दिसायला हवा : एखादी कोरडी रात्र, एखादी न दुखणारी सकाळ. तो दिसला नाही, किंवा खाणं-खेळणंच सुटलं, शाळा पूर्ण बंद झाली, तो स्वतःला मारून घेऊ लागला, तर वाट बघू नका. ‘मला अण्णांकडे जायचंय’ असं म्हणाला तर घाबरून तोंडावर हात ठेवू नका. या वयात बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘मला त्यांना भेटायचंय’ एवढाच असतो. पण जवळ बसून नीट विचारा आणि तज्ज्ञांच्या कानावर त्याच दिवशी घाला.

नेणं म्हणजे काय होतं, याचीही भीती असते. मुलांचे समुपदेशक त्याला खुर्चीत बसवून प्रश्न विचारत नाहीत. चित्रं, माती, बाहुल्या, खेळातली गाडी, यातून त्याला जे सांगायचंय ते सांगू देतात. निम्मा वेळ तर तुमच्याशीच बोलतात. अशा वेळी गोळ्या बहुधा लागत नाहीत. आणि शिक्क्याचं म्हणाल, तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 ने उपचारातल्या गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. शाळेला, नातेवाइकांना काय सांगायचं हे तुम्ही ठरवायचं. आधी फोनवर बोलून बघावंसं वाटलं तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, क्रमांक 14416, दिवसरात्र आणि मोफत, मराठीतून बोलता येतं. आईवडीलही स्वतःसाठी तिथे फोन करू शकतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लहान गावातल्या वाचकांनी जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाची चौकशी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, तिथूनही पुढे पाठवतात.

चष्म्याचं घर आजच परत द्या. तुम्ही ते काढून घेतलंत, कारण रोज बघून त्याला वाईट वाटेल असं तुम्हाला वाटलं. पण तो ते वाईट वाटायला नेत नव्हता, अण्णांना शाळेत सोबत नेत होता. देताना सांगा, ‘मी विचारायला हवं होतं, चुकलं माझं. हे तुझं.’ शाळेत हरवायची भीती असेल तर दोघं मिळून ठरवा : घर घरी, आणि चष्मा पुसायचं ते छोटं फडकं खिशात.

शेवटचं तुमच्या मिस्टरांसाठी, आणि त्यांना हे पत्र वाचायला द्या. दादा, तुमचे वडील गेले. दहाव्याला केस दिलेत, तेरावा केलात आणि तुम्ही पुन्हा शिफ्टवर रुजू झालात. तुम्हाला कुणी विचारलं का, मला माहीत नाही. ‘लाडाने बिघडलाय’ हे तुम्ही रागाने म्हणत नसाल, दमून म्हणत असाल. तुमचा मुलगा रात्री तुमचा श्वास बघतो. आज रात्री तो आला आणि तुम्हाला जाग आली तर झोपेचं सोंग घेऊ नका. तो हात धरा, तुमच्या छातीवर ठेवा आणि त्याला ठोके मोजू द्या. त्याला वीसपर्यंत नीट मोजता येत असेल, पुढचे तुम्ही मोजा. झोप म्हणजे काय, ते त्याला तुम्हीच सांगा : झोपलेल्या माणसाचं हृदय चालूच असतं, आणि सकाळी तो उठतो. मग त्याला जवळ घेऊन तिथेच झोपा, गादी ओली झाली तरी.